मोटरची फेज आणि चिपवरचा प्रकाश

विहिरीवर मोटर बसवली, स्टार्टर दाबला, घरघर ऐकू आली, पण पाणी जेमतेम पडतंय. वायरमन येतो, तीनपैकी दोन वायरी आपसात बदलतो आणि पाइपाला पूर्ण धार लागते. मोटर उलटी फिरत होती. वायरमनने व्होल्टेज बदललं नाही, मोटरही बदलली नाही. बदलला तो फक्त क्रम, म्हणजे कोणत्या तारेतली लाट आधी यायची आणि कोणत्या तारेतली मागून. थ्री-फेज म्हणजे तीन सारख्याच लाटा, प्रत्येक आधीच्या लाटेच्या एक-तृतीयांश फेरीने मागे. ५० हर्ट्झच्या विजेत हा उशीर सुमारे ६.७ मिलिसेकंदांचा असतो. त्या उशिरातूनच मोटर फिरते, आणि कुठल्या बाजूला फिरायचं तेही त्यातूनच ठरतं.

सिलिकॉनच्या चिपवर प्रकाश चालू-बंद करणारी आणि हवा तिकडे वळवणारी उपकरणं याच तत्त्वावर चालतात. फरक वेगाचा आहे. यात बहुतेकदा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश वापरतात. त्याची एक लाट पूर्ण व्हायला ५.२ फेम्टोसेकंद लागतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग. एका लाटेला अर्ध्या फेरीचा उशीर लावून ती दुसरीत मिसळली की अंधार होतो. शेकडो लाटांना चढत्या क्रमाने उशीर लावला की किरण तिरका निघतो. पुढे जे काही आहे ते हा उशीर कसा लावायचा आणि तो का बिघडतो, एवढंच.

प्रकाशाचा पाट

साध्या उजेडात सिलिकॉन राखाडी, चकचकीत आणि अपारदर्शक दिसतं. पण १.१ मायक्रोमीटरहून लांब लहरींना ते काचेसारखं पारदर्शक असतं. दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या १३१० आणि १५५० नॅनोमीटरच्या लहरी त्यातून आरपार जातात. सिलिकॉनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश पदार्थात किती मंदावतो याचं माप, सुमारे ३.४८ आणि भोवतालच्या ऑक्साइडचा १.४४. हा फरक मोठा असल्याने सिलिकॉनच्या बारीक पट्टीत शिरलेला प्रकाश कडांवरून आतच परतत पुढे सरकतो. या पट्टीला वेव्हगाइड म्हणतात. नेहमीचं माप रुंदी ५०० नॅनोमीटर, उंची २२० नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा साधारण शंभरावा भाग. वळण अगदी ५ मायक्रोमीटर त्रिज्येचं घेता येतं, म्हणूनच एवढ्याशा चिपवर शेकडो पाट बसतात.

साक्री-धुळ्याकडे पांझरेवरच्या फडांचे पाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल की पाणी उघड्या दारातून कमी आणि खडबडीत, भेगाळलेल्या कडांतून जास्त वाया जातं. इथेही तसंच. पट्टीच्या कडा कोरताना एक-दोन नॅनोमीटरचे खडबडे राहतात आणि त्यांवर आपटून प्रकाश बाहेर सांडतो. साधारण घट सेंटिमीटरला २ डीबी (डेसिबल, घटीचं माप; ३ डीबी म्हणजे प्रकाश निम्मा). हा आकडा किती मोठा आहे ते असं पाहा: जळगाव ते भुसावळ सुमारे २५ किलोमीटर. तेवढ्या लांबीच्या चांगल्या ऑप्टिकल फायबरमध्ये, किलोमीटरला ०.२ डीबी या हिशेबाने, ५ डीबी घट होते, म्हणजे प्रकाशाचा जवळपास एक-तृतीयांश भाग पोचतो. चिपवर तेवढीच घट अडीच सेंटिमीटरमध्ये होते. त्यामुळे चिपवर प्रकाश लांब फिरवायचा नसतो. आत घ्या, काम करा, बाहेर काढा.

सिलिकॉनची आणखी एक अडचण म्हणजे ते स्वतः विजेवर चालणारा लेझर होऊ शकत नाही. त्याच्या इलेक्ट्रॉनची रचनाच अशी आहे की ऊर्जा प्रकाशाऐवजी बहुतेक उष्णतेत जाते. म्हणून लेझर इंडियम फॉस्फाइडचा, तो वर चिकटवलेला किंवा शेजारी बसवलेला, आणि प्रकाश मोजणारा डिटेक्टर जर्मेनियमचा.

विझवायचा म्हणजे काय करायचं

बारं देणारा माणूस फावड्याने माती ओढून चारी बंद करतो. प्रकाशाच्या पाटाला असं दार नसतं. त्याऐवजी पाटाला दोन फाटे फोडतात, दोन्हींत निम्मा-निम्मा प्रकाश सोडतात आणि थोड्या अंतराने ते पुन्हा एकत्र आणतात. लुडविग माख आणि लुडविग झेंडर यांनी ही रचना १८९१-९२ च्या सुमारास आरसे-काचा वापरून मांडली. आज तीच चिपवर एक-दोन मिलिमीटरमध्ये कोरली जाते.

दोन्ही फाट्यांतल्या लाटा एकाच वेळी पोचल्या की शिखरावर शिखर बसतं आणि प्रकाश पूर्ण मिळतो. एकीला अर्ध्या लाटेचा उशीर झाला की शिखरावर दरी येते आणि पुढच्या पाटात काहीच शिरत नाही. इथे नेहमी एक प्रश्न येतो: मग प्रकाश गेला कुठे? नष्ट झाला नाही. साध्या वाय-आकाराच्या जोडावर तो पाटाबाहेर सांडतो. दोन तोंडांचा जोड वापरला तर दुसऱ्या तोंडातून पूर्ण बाहेर पडतो. या दुसऱ्या प्रकारात तेच उपकरण भुसावळ यार्डातल्या सांध्यासारखं काम करतं: गाडी थांबत नाही, रूळ बदलते.

काळोख किती गडद होईल हे वाटणी किती समान झाली त्यावर ठरतं. ५०-५० ऐवजी ६०-४० वाटणी झाली आणि पुढचा जोड अचूक असला, तरी बंद अवस्थेत पूर्ण प्रकाशाच्या सुमारे १ टक्का गळतो. घरगुती दिव्याला हे चालेल. डेटा पाठवताना मात्र शून्य आणि एक यांतला फरक त्यामुळे पुसट होतो.

त्याहून जास्त छळतो तो जन्मजात उशीर. दोन्ही फाटे कागदावर सारखे, पण कोरताना एकाची रुंदी नॅनोमीटरच्या अंशाने वेगळी झाली की आरंभालाच दोघांत काहीतरी फेज-फरक पडतो. तो किती असेल ते चिप हातात येईपर्यंत सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक मॉड्युलेटरच्या, म्हणजे प्रकाश चालू-बंद करणाऱ्या या उपकरणाच्या, एका फाट्यावर छोटा हीटर ठेवतात, बाहेर पडणारा एखादा-दोन टक्के प्रकाश बाजूच्या डिटेक्टरकडे वळवतात आणि त्यावर बघून हीटर सतत जुळवत राहतात. ही जुळवणी करणारं सर्किट वाचवायला गेलेलं डिझाइन टेबलावर चालतं, पेटीत बंद झालं की चालत नाही.

उशीर लावायच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा तापवण्याची. सिलिकॉन तापलं की त्याचा अपवर्तनांक अंशाला १.८६ गुणिले दहाचा उणे चौथा घात इतका वाढतो, म्हणजे प्रकाश जरा हळू चालतो. १०० मायक्रोमीटर लांबीच्या तुकड्यात अर्ध्या लाटेचा उशीर हवा असेल तर तो तुकडा सुमारे ४२ अंश सेल्सिअसने तापवावा लागतो. त्याला साधारण २० ते ३० मिलिवॉट वीज लागते. खालचं सिलिकॉन कोरून हीटरला अधांतरी ठेवलं तर काही मिलिवॉटमध्ये भागतं, पण मग थंड व्हायलाही वेळ लागतो. नेहमीच्या हीटरला प्रतिसाद द्यायला दहा मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. जुळवणीला उत्तम, डेटाला निरुपयोगी.

दुसरी तऱ्हा विद्युतभारांची. सिलिकॉनमधले मोकळे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) कमी-जास्त केले की अपवर्तनांक बदलतो. रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये याचे आकडे मांडले आणि आजही डिझाइनची सुरुवात त्यांच्याच समीकरणांनी होते. पाटाच्या मधोमध पी-एन जंक्शन, म्हणजे होलवाल्या आणि इलेक्ट्रॉनवाल्या सिलिकॉनचा जोड, करून उलटं व्होल्टेज द्यायचं. भार बाजूला ओढले जातात आणि प्रकाशाचा वेग बदलतो. हे सेकंदाला अब्जावधी वेळा करता येतं. इंटेलने २००४ मध्ये भार कमी-जास्त करण्याच्या याच तत्त्वावरचा, पण वेगळ्या रचनेचा, एक गिगाहर्ट्झहून वेगवान मॉड्युलेटर दाखवला आणि तिथून सिलिकॉनला कोणी हसेनासं झालं.

पण परिणाम फार क्षीण असतो. अपवर्तनांकातला बदल दहा हजारात एक-दोन एवढाच. दोन धरला तरी अर्ध्या लाटेच्या उशिराला जवळपास ४ मिलिमीटर लांबी लागते. म्हणून व्यवहारात पूर्ण अर्धी लाट मागत नाहीत. एका फाट्याला उशीर आणि दुसऱ्याला घाई असं उलटसुलट व्होल्टेज देऊन कमी लांबीत भागवतात. शिवाय तेच मोकळे भार प्रकाश शोषतात. डोपिंग, म्हणजे भार मिळावेत म्हणून केलेली भेसळ, वाढवलं की उशीर वाढतो आणि घटही वाढते, त्यातून सुटका नाही.

लांबीमुळे आणखी एक गुंता होतो. ३ मिलिमीटर पाटातून जायला प्रकाशाला सुमारे ४० पिकोसेकंद लागतात. सेकंदाला ५० अब्ज चिन्हं पाठवायची असतील तर एका चिन्हाला २० पिकोसेकंद मिळतात. म्हणजे पहिलं चिन्ह टोकाला पोचायच्या आत दुसरं आत शिरलेलं असतं. संपूर्ण इलेक्ट्रोडला एकच व्होल्टेज देऊन चालत नाही. विजेची लाटही प्रकाशाच्या पावलाला पाऊल लावून इलेक्ट्रोडवरून धावावी लागते. बैलजोडीतला एक बैल पुढे ओढू लागला की तिफण वाकडी जाते, तसं दोघांच्या वेगात तफावत आली की सिग्नल फासटतो.

तिसरी तऱ्हा पॉकेल्स परिणामाची. काही स्फटिकांत नुसतं विद्युतक्षेत्र लावलं की अपवर्तनांक बदलतो, भार हलवावे लागत नाहीत. सिलिकॉनचा स्फटिक सममित असल्याने त्यात हे होत नाही. लिथियम निओबेटमध्ये होतं. त्याचा पातळ थर ऑक्साइडवर चिकटवून पाट कोरायची कला आता चांगली साधली आहे. हार्वर्डच्या गटाने २०१८ मध्ये साध्या इलेक्ट्रॉनिक चिपच्या व्होल्टेजवर चालणारे असे मॉड्युलेटर दाखवले. घट कमी, वेग प्रचंड. पण लांबी सेंटिमीटरच्या घरात आणि हा पदार्थ कोरायला हट्टी.

रिंग, आणि मे महिना

दोन फाट्यांऐवजी पाटाशेजारी एक बारीक वर्तुळ काढलं तर? १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात प्रकाश हजारो फेम्टोसेकंद फिरत राहतो आणि ज्या रंगाच्या लाटा एका फेरीत नेमक्या पूर्ण बसतात तो रंग पाटातून गायब होतो. कॉर्नेल विद्यापीठात मिखल लिप्सन यांच्या गटाने २००५ मध्ये १२ मायक्रोमीटर व्यासाचा असा मॉड्युलेटर केला. मिलिमीटरचं काम मायक्रोमीटरमध्ये, विजेचा खर्चही नगण्य. मग सगळे रिंगच का वापरत नाहीत?

कारण उकाडा. अशा रिंगची गिळण्याची पट्टी, म्हणजे ती पाटातून गायब करते तो रंगांचा पट्टा, साधारण ०.१५ नॅनोमीटर रुंद असते आणि तापमान एका अंशाने वाढलं की ती सुमारे ०.०७५ नॅनोमीटर सरकते. दोन अंशांत ती पूर्ण जागा सोडते. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हिवाळ्यात पहाटे १० च्या आसपास उतरतो. ३५ अंशांच्या या फरकात पट्टी २.६ नॅनोमीटर सरकेल, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या सतरा-अठरा पट. सर्व्हर खोलीत एसी असला तरी सुटका होत नाही, कारण शेजारची इलेक्ट्रॉनिक चिपच कामाप्रमाणे तापते-निवते. अशा मॉड्यूलच्या पेटीला ० ते ७० अंशांत चालावं लागतं.

उपाय पुन्हा हीटरचाच, पण त्यात एक खोच आहे. हीटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. म्हणून रिंग अशी आखतात की सर्वांत गरम परिस्थितीतही तिची पट्टी लेझरच्या रंगाच्या किंचित अलीकडे, कमी तरंगलांबीकडे राहील. उरलेलं अंतर हीटर ढकलत नेतो. हिवाळ्यात हीटर जोरात, उन्हाळ्यात मंद. हा हिशेब चुकला तर उन्हाळ्यात रिंग लेझरला ओलांडून पुढे गेलेली असते आणि तिला मागे आणायचा मार्ग नसतो. मग पुढची पट्टी, म्हणजे १० मायक्रोमीटरच्या रिंगमध्ये सुमारे ९ नॅनोमीटर मागे असलेली, तिथपर्यंत तापवत आणावी लागते. त्याला १२० अंशांची चढ लागते. वीज तर जातेच, हीटरचं आयुष्यही जातं. त्यात कोरणीची चूक मिळवा: पाटाच्या रुंदीत १ नॅनोमीटर फरक पडला तरी पट्टी साधारण १ नॅनोमीटर सरकते.

किरण वळवायचा

शेततळ्याच्या निवांत पाण्यावर ठिबकची एक लॅटरल आडवी धरली आहे, असं समजा. सगळ्या ड्रिपरमधून थेंब एकाच क्षणी पडले तर तरंगांची रांग सरळ समोर जाईल. प्रत्येक ड्रिपरचा थेंब शेजारच्यापेक्षा किंचित उशिरा पडला तर रांग तिरकी निघेल. उशिराचा क्रम उलटा केला तर ती दुसऱ्या बाजूला वळेल. वायरमनने दोन फेज बदलल्या तशी.

चिपवरच्या याच रचनेला ऑप्टिकल फेज्ड अॅरे म्हणतात. एका लेझरचा प्रकाश मेनमधून सबमेनमध्ये आणि सबमेनमधून शेकडो लॅटरलमध्ये वाटायचा, प्रत्येक लॅटरलवर उशीर लावणारा तुकडा आणि टोकाला प्रकाश वर फेकणारी बारीक जाळी, म्हणजे अँटेना. समजा अँटेना २ मायक्रोमीटर अंतराने ५०० बसवल्या. रांग १ मिलिमीटर रुंद झाली. किरणाची रुंदी साधारण तरंगलांबी भागिले रांगेची रुंदी, म्हणजे सुमारे ०.०९ अंश, १०० मीटरवर जेमतेम १५ सेंटिमीटरचा ठिपका. ठिपका बारीक हवा असेल तर रांग रुंद करा, दुसरा इलाज नाही.

हा किरण १० अंश वळवायचा तर प्रत्येक अँटेनाला आधीच्यापेक्षा ०.२२ लाट इतका उशीर द्यावा लागतो. हा आकडा अंतर गुणिले कोनाची ज्या, भागिले तरंगलांबी, असा येतो. ज्या म्हणजे आजचा साइन. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या परंपरेत घोटली जाणारी ज्या इथेही कामाला येते. पाचशेव्या अँटेनाला यानुसार शंभराहून अधिक लाटांचा उशीर हवा, पण पूर्ण लाटा वजा करून टाकता येतात. उरलेला अपूर्णांकच द्यायचा, म्हणजे कोणत्याही हीटरला एका लाटेपेक्षा जास्त काम पडत नाही.

आता दुखणं. ड्रिपर फार लांब-लांब असले तर तरंगांची मुख्य रांग जाते तशीच आणखी एक रांग भलत्याच दिशेला निघते. अँटेनांतलं अंतर अर्ध्या लाटेपेक्षा, म्हणजे ७७५ नॅनोमीटरपेक्षा जास्त असलं की हेच होतं. आपल्या २ मायक्रोमीटरच्या रचनेत किरण सुमारे २३ अंशांपलीकडे वळवला की दुसऱ्या बाजूचा तोतया ठिपका मुख्य ठिपक्यापेक्षा उजळ होऊ लागतो. अंतर मोजणाऱ्या लायडारमध्ये मग डावीकडचं झाड उजवीकडे दिसतं. अँटेना जवळ आणाव्यात तर शेजारच्या पाटांत प्रकाश झिरपतो. एक तोडगा म्हणजे शेजारचे पाट थोड्या वेगळ्या रुंदीचे करायचे, म्हणजे त्यांतला प्रकाश वेगळ्या वेगाने चालतो आणि झिरपणं जमत नाही. दुसरा, अँटेनांतलं अंतर मुद्दाम असमान ठेवायचं. तोतया विरतो, पण त्यातला प्रकाश सगळीकडे धुक्यासारखा पसरतो.

विजेचा हिशेब तर घाम काढतो. अर्ध्या लाटेला २५ मिलिवॉट आणि सरासरी उशीर अर्धी लाट धरला तर ५०० हीटर मिळून १२.५ वॉट. घरातल्या एलईडी बल्बएवढी वीज, पण काही चौरस मिलिमीटरमध्ये. एक हीटर तापला की शेजारच्या पाटालाही झळ लागते आणि त्याचा उशीर बदलतो.

शिवाय सुरुवातीला ५०० वाटांचे उशीर पूर्ण अस्ताव्यस्त असतात. चिप सुरू केल्यावर किरण दिसत नाही, पसरलेला चिवडा दिसतो. समोर इन्फ्रारेड कॅमेरा ठेवून एकेक हीटर थोडा हलवायचा, ठिपका उजळला तर ठेवायचा, मंदावला तर मागे घ्यायचा, आणि ही फेरी पुनःपुन्हा करायची. प्रत्येक दिशेसाठी, प्रत्येक चिपसाठी वेगळा तक्ता तयार होतो. ठिबकच्या प्रेशर-कॉम्पेन्सेटिंग ड्रिपरसारखा स्वतःहून समतोल साधणारा भाग इथे अजून तरी नाही.

हे वळवणं आडव्या दिशेचं झालं. उभ्या दिशेला बहुधा लेझरचा रंगच बदलतात: अँटेनाच्या जाळीच्या एका दातापासून दुसऱ्यापर्यंत जाताना वेगळ्या रंगाला वेगळा उशीर होतो आणि किरण नॅनोमीटरला साधारण ०.१५ अंश वळतो. १०० नॅनोमीटर रंग बदलणारा लेझर असेल तर १५ अंश मिळतात. असा लेझर स्वस्त नसतो.

एमआयटीच्या गटाने २०१३ मध्ये ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ अँटेनांची जाळी केली, तिचं कौतुकही खूप झालं. पण ती जाळी एकच ठरलेलं चित्र उमटवत होती. उशीर बदलता येणारी जाळी ८ गुणिले ८ ची होती. या दोन आकड्यांतली दरी बरीच बुजली आहे, पण पूर्ण नाही. मॉड्युलेटर डेटा सेंटरमध्ये रोज राबतात. किरण वळवणाऱ्या चिपबद्दल तसं म्हणवत नाही. फिरत्या आरशांचे लायडार अजून टिकून आहेत ते उगाच नाही.

हात घालायचा असेल तर

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला डिझाइनसाठी साधा कॉम्प्युटर पुरतो. आराखडा काढायला केलेआउट आणि जीडीएसफॅक्टरी, प्रकाशाचं गणित करायला मीप, ही सगळी सॉफ्टवेअरं मोफत आहेत. चिप करवून घ्यायला पूर्ण वेफर, म्हणजे अनेक चिप कोरल्या जातात ती सिलिकॉनची चकती, घ्यावं लागत नाही. अनेकांची डिझाइनं एका वेफरवर एकत्र करून खर्च वाटला जातो. डिझाइन दिल्यापासून चिप हाती यायला काही महिने लागतात, म्हणून चूक महागात पडते. देशात आयआयटी मद्रासमध्ये सिलिकॉन फोटोनिक्सचं केंद्र आहे.

आराखड्यात मुख्य उपकरणाशेजारी एक साधी वाट जरूर ठेवावी: आत घेणारी जाळी, सरळ पाट, बाहेर काढणारी जाळी, बस्स. मोजताना पहिल्यांदा हीच वाट शोधायची. ती नसली तर प्रकाश न मिळण्याचं कारण उपकरण, फायबर की लेझर, हे कधीच कळत नाही.

फायबरमधला प्रकाशाचा ठिपका सुमारे १० मायक्रोमीटरचा, पाट अर्ध्या मायक्रोमीटरचा. म्हणून मध्ये जाळी लागते, आणि फायबर उभ्या रेषेशी साधारण ८ ते १० अंश कललेला धरतात. अगदी उभा धरला तर प्रकाश परत लेझरकडे जातो. एका जाळीत २ ते ४ डीबी घट गृहीत धरावी. आत आणि बाहेर मिळून निम्म्याहून जास्त प्रकाश इथेच संपतो. फायबरचं टोक प्रत्येक वेळी पुसावं. त्याचा गाभा ९ मायक्रोमीटरचा आहे आणि उन्हाळ्यात काळ्या मातीचा जो फुफाटा खिडकीतून येतो त्याचा एक कणही तो झाकतो. लेझर चालू असताना टोकात डोकावू नये. हा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही.

आणि सगळं जागेवर असूनही मीटर हलत नसेल, तर चिपला दोष देण्याआधी पोलरायझेशन पाहावं. जाळी एकाच दिशेला कंप पावणारा प्रकाश आत घेते आणि टेबलावरचा फायबर जरा हलला तरी ती दिशा बदलते. फायबरवरच्या पोलरायझेशन कंट्रोलरची तीन पाती एकेक करून सावकाश फिरवायची, मीटरवर नजर ठेवून. बहुतेक वेळा आकडा तिथेच उचल खातो.